वरून, खालून, वरून: कातड्यावर केल्टिक गुंफण कशी कोरतात

नांदेडला आमच्या घराच्या ओट्यावर मी एका डायरीचं कव्हर कोरत बसलो होतो. शेजारच्या मावशी दूध घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या. त्यांचं माहेर धर्माबादचं, तेलंगणाच्या वेशीवरचं. कातड्यावरच्या आकृतीवर त्यांनी बोट ठेवलं आणि रेघ धरून फिरवत नेलं. वळसे घेत घेत बोट जिथून निघालं होतं तिथंच परत आलं. मग म्हणाल्या, "हे तर आमच्याकडचं मेलिकल मुग्गू हाय की रे! अंगणातली रांगोळी चामड्यावर कामून काढलास?"

मुग्गू म्हणजे तेलुगूत रांगोळी आणि मेलिकल म्हणजे पीळ-वळशांची. ठिपके मांडायचे आणि रेघ त्यांना वळसा घालत न्यायची. रेघ स्वतःलाच ओलांडते, पण शेवटी बंद होते. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे सणासुदीला ही रांगोळी दारोदार दिसते. मी कोरत होतो ती आकृती होती आयर्लंडकडची, तिला केल्टिक गुंफण म्हणतात. पण मावशींचं काही चुकलं नव्हतं. दोन्हींचा हिशेब एकच आहे, आणि ज्याला ठिपक्यांची रांगोळी येते त्याचं या कामातलं निम्मं शिक्षण झालेलं असतं.

आधी ही गुंफण कुठली ते सांगतो. सातव्या ते नवव्या शतकात आयर्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमधल्या ख्रिस्ती मठांत साधू हातानं पोथ्या लिहायचे आणि त्यांची पानं या गुंफणीनं भरून टाकायचे. 'बुक ऑफ केल्स' ही त्यातली सर्वांत गाजलेली पोथी इ.स. ८०० च्या सुमाराची, आता डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. तिची पानंसुद्धा वासराच्या कातड्याची. तिच्याहून साधारण शंभर वर्षं जुन्या 'लिंडिसफार्न' पोथीतल्या काही नक्षीदार पानांच्या मागच्या बाजूला कंपासच्या टोकानं पडलेली भोकं आणि आखणीच्या खुणा अजून दिसतात. म्हणजे तिथंही आधी आखणी, मग रेघ.

मला सगळ्यांत जवळची वाटते ती मात्र एक खिशात मावणारी पोथी. सेंट कथबर्ट या साधूच्या शवपेटीत ठेवलेली ही पोथी ११०४ मध्ये इंग्लंडमधल्या डरहॅमला पेटी उघडली तेव्हा सापडली. आकार जेमतेम १३८ बाय ९२ मिलिमीटर. आठव्या शतकाच्या सुरुवातीचं तिचं लाल रंगवलेल्या बकरीच्या कातड्याचं वेष्टन आजही शाबूत आहे. वेष्टनाच्या मधोमध उठावाची वेल आणि तिच्या वर-खाली गुंफणीच्या चौकटी. गुंफणीच्या रेघा कातड्यात कोरून त्यांत रंग भरलेला. ब्रिटिश लायब्ररीनं २०१२ मध्ये ती ९० लाख पौंडांना घेतली. तेराशे वर्षांपूर्वी कुणीतरी ओलसर कातड्यावर टोक टेकवून ओढलेली रेघ अजून तिथं आहे, हे मनात आलं की माझा हात आपोआप सावकाश चालतो.

दुकानांतून "ही गाठ प्रेमाची, ही मैत्रीची, ही शक्तीची" असं सांगून जे विकलं जातं, त्यातलं बहुतेक अलीकडचं आहे. पोथ्या रंगवणाऱ्यांनी गाठींचे अर्थ लिहून ठेवलेले नाहीत. मला त्याची उणीवही वाटत नाही. एका रेघेनं सगळं पान व्यापायचं आणि कुठेही तुटायचं नाही, एवढं पुरेसं देखणं आहे.

आता आकृती. कागदावर तीन ओळींत पाच-पाच, असे १५ ठिपके मांडा. शेजारशेजारच्या आणि वर-खालच्या दर दोन ठिपक्यांच्या बरोबर मध्ये एक बारीक फुली मारा. मोजलं तर फुल्या २२ भरतील. मग शेजारच्या फुल्यांचे हात एकमेकांना जोडत चला. कडेला जे हात मोकळे राहतात ते बाहेरून गोलाकार वळवून आत आणा. जोडून झालं की बोट ठेवून रेघ फिरवून बघा. सगळी आकृती एकाच रेघेची निघेल. तेच ४ बाय ६ ठिपके घेतले तर दोन वेगळ्या रेघा निघतात, ३ बाय ३ घेतले तर तीन. हा योगायोग नाही. शाळेत शिकलेला मसावि इथं कामाला येतो: ३ आणि ५ चा मसावि १, म्हणून एक रेघ, ४ आणि ६ चा २, म्हणून दोन. शाळेत मसावि काढताना हा कशाला लागतो ते कुणी सांगितलं नव्हतं. ठिपक्यांवर तो डोळ्यांनी दिसतो.

नुसत्या फुल्या जोडल्या की विणलेल्या चटईसारखं दिसतं. त्याची गाठ होते ती काही फुल्या मोडल्यावर. फुलीच्या जागी पाठीला पाठ लावलेल्या दोन कमानी काढायच्या. उभ्या किंवा आडव्या. म्हणजे तिथं जणू भिंत आली आणि रेघा एकमेकींना न ओलांडता माघारी वळल्या. दोन वेगळ्या रेघा जिथं एकमेकींना छेदतात तिथं अशी भिंत घातली तर त्या दोन्ही मिळून एक होतात. त्यामुळं ४ बाय ६ ची चौकट हवी आहे पण रेघ एकच हवी आहे, असं असेल तर योग्य जागची एक फुली मोडली की काम होतं. भिंती कुठं घालायच्या यातच कारागिराची नजर दिसते. मी अजूनही पाच-सहा कागद फाडल्याशिवाय कातड्याला हात लावत नाही.

रेघ ठरली की तिच्या दोन्ही बाजूंनी सारख्या अंतरावर रेघा काढून तिला जाडी द्यायची आणि मधली खोडायची. आता ती रेघ राहिली नाही, वेणीतल्या पेडासारखा पेड झाला. पेड पाच मिलिमीटरपेक्षा बारीक घेऊ नका. पुढं कातडं दाबायच्या ठशाला बसायला जागा लागते. मग कुठूनही सुरुवात करून पेडाबरोबर चालत जायचं आणि प्रत्येक फुलीवर लिहीत जायचं: वरून, खालून, वरून, खालून. पहिल्यांदा करणाऱ्याला धास्ती वाटते की शेवटी दोन "वरून" लागोपाठ आले तर? येत नाहीत. कागदावर न उचलता काढलेली कुठलीही बंद रेघ घ्या, ही आलटापालट शेवटपर्यंत जुळतेच. गणितात ते सिद्ध झालेलं आहे. त्यामुळं कुठं लागोपाठ दोनदा "वरून" आलं, तर मागं कुठंतरी आपणच चुकलोय हे नक्की समजा आणि कातड्याकडं वळण्याआधी ती जागा शोधा.

कातडं कुठलं घ्यायचं, हा खरा निर्णय. बाजारातलं बहुतेक चामडं क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. मऊ, पाण्याला दाद न देणारं, पर्स-जाकिटाला उत्तम. पण त्यावर ठसा मारला की थोड्या वेळानं ते फुगून पुन्हा सपाट होतं. कोरायला झाडाच्या सालींनी कमावलेलं कातडंच लागतं. सालीतलं टॅनिन कातड्याच्या तंतूंना असं धरून ठेवतं की ओलं असताना दाबलेला आकार वाळल्यावर तसाच राहतो. आपल्याला हे परकं नाही. बाभळीची साल आणि हिरडा घालून कातडी कमावणं ही आपल्याकडची पिढीजात विद्या, आणि कोल्हापुरी चपलेचं कातडंही मुळात असंच कमावलेलं. आपल्या माळरानावर पिवळ्या फुलांनी डवरलेली जी तरवड दिसते, तिची साल दक्षिण भारतात पूर्वापार याच कामाला वापरतात. हे ज्ञान ज्या समाजांनी शतकानुशतकं हात काळे करून जपलं, त्यांना गावानं वेशीबाहेर ठेवलं. नक्षीचं कौतुक करताना ही गोष्ट मला विसरता येत नाही. कातडं कापायची रापी आणि भोकं पाडायची आरी मला पहिल्यांदा धरायला शिकवली ती चौकात बसणाऱ्या एका चर्मकार काकांनी. रापीचं पातं कातड्यावर किती आडवं ठेवायचं हे बघून कळत नाही, हातावर हात ठेवूनच कळतं.

ओळखायची सोपी खूण: कापलेली कड बघा. आत निळसर-करडी दिसली तर क्रोमचं, पिवळसर-तपकिरी एकसारखी दिसली तर सालीचं. पृष्ठभागावर पाण्याचा थेंब टाका. सालीचं कातडं तो शोषून घेऊन लगेच गडद होतं. तीन ते साडेतीन मिलिमीटर जाडीचं घ्या. म्हशीचं कातडं आपल्याकडं सहज मिळतं, पण त्याचा पोत भरड असतो, म्हणून त्यातला गुळगुळीत पाठीकडचा भाग निवडून घ्यावा.

कोरण्याआधी कातडं पाण्यानं तयार करावं लागतं आणि नवशिक्यांचं बहुतेक काम इथंच बिघडतं. कोरडं कातडं चिरतं पण दबत नाही. फार ओलं असलं की ठसा चिखलातल्या पावलासारखा पसरतो. स्पंजानं दोन्ही बाजूंनी सारखं पाणी फिरवायचं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी बाहेर काढून वाट बघायची. रंग जवळजवळ मूळचा दिसू लागला, पण गालाला लावून बघितलं तर गार लागतं, ती वेळ. मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना ही वेळ पंख्याखाली पंधरा मिनिटंसुद्धा टिकत नाही. त्या दिवसांत मी पहाटे काम करतो, पंखा बंद ठेवतो आणि न कोरलेला भाग प्लास्टिकनं झाकून ठेवतो. कुलरची ओलसर हवा चांगली, पण तिचे शिंतोडे कातड्यावर डाग पाडतात.

पाण्याबद्दल आणखी एक. एकदा मी ओल्या कातड्यावर लोखंडी पट्टी विसरलो. सकाळी पट्टीच्या जागी निळसर-काळी रेघ उमटलेली, घासून निघेना. पूर्वी वह्या-चोपड्यांसाठी हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई करत, तिची रीत आठवली तेव्हा उलगडा झाला. हिरड्यात टॅनिन, हिराकशीत लोह. दोन्ही भेटले की काळं. माझ्या कातड्यात टॅनिन होतंच, लोह पट्टीनं दिलं. नकळत मी शाईच करून ठेवली होती. लिंबाचा रस हलक्या हातानं लावून, मग साध्या पाण्यानं पुसून डाग बराच फिका झाला. तेव्हापासून पट्टी स्टेनलेसची, आणि लोह असलेल्या बोअरचं पाणी न वापरता पिण्याचं गाळलेलं पाणी. हेच रसायन मुद्दाम वापरताही येतं. व्हिनेगरमध्ये लोखंडाचा कीस भिजवून केलेलं पाणी सालीच्या कातड्याला पक्कं काळं करतं.

आकृती उतरवताना कातड्यावर पेन्सिल किंवा कार्बन नको, डाग राहतो. ट्रेसिंग पेपर ठेवून शाई संपलेल्या बॉलपेननं रेघ दाबली की पुरे.

आता चाकू. या कामाच्या चाकूला स्विव्हल नाइफ म्हणतात. तो आला घोड्यांची खोगिरं कोरणाऱ्या अमेरिकी कारागिरांकडून, मठातल्या साधूंकडं तो नव्हता. वर तर्जनी टेकवायला खोबण, मध्ये बोटांत फिरणारा दांडा, खाली छोटं पातं. तर्जनीनं दाब द्यायचा, अंगठा आणि मधल्या बोटानं दांडा फिरवायचा, म्हणजे पातं वळणावर आपोआप वळतं. पात्याला धार असण्यापेक्षा ते गुळगुळीत असणं महत्त्वाचं. पुठ्ठ्यावर पॉलिशची पेस्ट लावून दर पाच-दहा मिनिटांनी ते घासत राहा. घासलेलं पातं लोण्यातून जातं, न घासलेलं अडखळतं आणि वळणावर कोपरे पाडतं. खोली कातड्याच्या जाडीच्या एक तृतीयांश, फार तर निम्मी.

आणि इथं येते या सगळ्या कामातली किल्ली. चिरायचं कुठं हे ट्रेसिंग सांगतंच, पण थांबायचं कुठं हे आपल्याला माहीत हवं. फुलीवर वरून जाणाऱ्या पेडाच्या दोन्ही रेघा अखंड चिरायच्या. खालून जाणाऱ्या पेडाच्या रेघा वरच्या पेडाच्या कडेला येऊन थांबायच्या, आणि पलीकडच्या कडेपासून पुन्हा सुरू व्हायच्या. मधल्या जागेत पात्याचा स्पर्शही नको. एक रेघ चुकून आरपार गेली तर ती जखम भरत नाही, आणि डोळा बरोबर तिथंच जाऊन थांबतो. म्हणून मी चिरताना आधी सगळे "वरचे" भाग चिरून घेतो, सगळ्या २२ फुल्यांवरचे. मग उरलेल्या रेघा. खालची रेघ वरच्या कडेजवळ आली की केसभर आधीच दाब सोडायचा आणि पातं उचलायचं. उरलेला केसभर भाग पुढं ठसा आपोआप मिटवून टाकतो. पण जास्त गेलेली रेघ कुणीच मिटवत नाही.

चिरल्यावर आकृती अजून सपाटच असते. उठाव येतो तो बेव्हलर नावाच्या ठशानं. त्याचं टोक उतरतं असतं, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला निमुळतं. जाड कड चिरेत बसवायची, उतार दाबायच्या बाजूला ठेवायचा आणि मोगरीनं हलके ठोके द्यायचे. मोगरी लाकडाची किंवा नायलॉनची, लोखंडी हातोडी नाही. खाली किचन ओट्याचा उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा ठेवा. टेबलावर ठोकलं तर निम्मा दाब टेबल खातं. ठसा उचलून उचलून ठेवू नका. दर ठोक्याला निम्मी रुंदी सरकवत चालवत न्या, म्हणजे एकेकट्या खुणा न दिसता एकसंध उतार दिसतो.

दाबायची बाजू कोणती? जे खाली जायला हवं ते. पेडाच्या बाहेरच्या कडेला मोकळी जागा दाबायची. फुलीवर मात्र खालून जाणारा पेड दाबायचा, वरच्या पेडाला अगदी चिकटून, दोन्ही बाजूंनी. २२ फुल्या म्हणजे अशा ४४ जागा. प्रत्येक ठिकाणी बेव्हलर मारला की खालचा पेड वरच्याखाली बुडतो. पण एवढ्यावर सोडलं तर तो पायरीवरून पडल्यासारखा दिसतो. म्हणून त्या पेडाच्या मधोमध, फुलीपासून थोडं मागून, गोलसर ठशानं किंवा मॉडेलिंगच्या चमच्यानं हलका उतार द्यायचा, पेड सावकाश खाली उतरतोय असा. मग फुलीपलीकडं तो तसाच सावकाश वर यायला हवा. या दोन उतारांवर मी जितका वेळ घालवतो तितका बाकी कशावरच नाही. डोळे मिटून अंगठा फिरवून बघा. अंगठ्याला पेड खाली गेल्यासारखा लागला तर डोळ्यांनाही लागेल.

मधल्या मोकळ्या जागा बारीक दाणेदार ठशानं दाबून घ्या. कोपऱ्यांत ठसा नीट पोचेल असा लहान घ्या, एवढंच.

कोरलेलं कातडं सावलीत पूर्ण एक दिवस वाळू द्यायचं. उन्हात ठेवलं की ते आक्रसतं आणि कडा वर उचलतात. वाळल्यावर तेलाचा अगदी हलका हात. घरात आहे म्हणून करडईचं किंवा जवसाचं तेल लावू नका. ही तेलं हवेत वाळून चिकट साय धरतात, म्हणूनच ती रंग-रोगणाला चालतात. चामड्यासाठीचंच तेल आणा, थोडं लावा, रात्रभर मुरू द्या.

रंगकामाला क्रम आहे आणि तो मोडला की मेहनत वाया जाते. आधी डाय, लोकरीच्या बोळ्यानं गोल गोल फिरवत, दोन पातळ हात. तो वाळला की पारदर्शक संरक्षक फिनिशचे दोन हात, मधे नीट वाळवून. त्यानंतर अँटिक पेस्ट. ही गडद लुकण सगळीकडं फासायची, प्रत्येक चिरेत आणि दाण्यात भरायची. तेव्हा काम अगदी विद्रूप दिसतं, घाबरू नका. मिनिटभरानं कोरड्या कापडानं वरचेवर पुसून काढायचं. पेडांच्या उंच पाठी फिनिशमुळं स्वच्छ होतात, आणि पेस्ट उरते ती फक्त खोलगट जागी. फुलीच्या कडेला, खालचा पेड बुडतो तिथं, सावली साचते. कापडाखालून गुंफण वर येताना बघणं हा माझ्यासाठी सगळ्या कामाचा सण आहे. पुसताना कापड बोटाला घट्ट ताणून धरा. सैल कापड चिरांत शिरून आतली पेस्टही काढून टाकतं. खाली आधी फिनिश लावलं नसेल, तर पेस्ट उंच भागांतही मुरते आणि सगळं एकाच काळपट रंगाचं होऊन बसतं. शेवटी फिनिशचा आणखी एक पातळ हात.

कडा राहिल्या. टोकदार कोपरा काढून टाकायचा, बारीक पॉलिश पेपरनं घासायचं, आणि डिंकाचं पातळ पाणी लावून लाकडाच्या गुळगुळीत दांडीनं तापेपर्यंत रगडायचं. इंग्रजी पुस्तकांतून यासाठी ट्रॅगाकान्थ सांगतात. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा गोंद कतीरा मी रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून वापरतो. वर थोडं मधमाशांचं मेण लावून पुन्हा रगडलं की कड काचेसारखी होते. पावसाळ्यात या वस्तू प्लास्टिकमध्ये बांधून ठेवू नका, बुरशी धरते. सुती कापडात, हवा लागेल असं ठेवा.

पहिल्यांदाच करणार असाल तर डायरीचं कव्हर धरू नका. २ बाय ३ ठिपके घ्या, कपाखाली ठेवायच्या चकतीएवढा तुकडा. मसावि १, म्हणजे रेघ एकच, आणि फुल्या फक्त सात. मावशींसाठी मी तसाच एक तुकडा केला. ठिपके त्यांनीच कागदावर मांडून दिले, पेन्सिलीनं नाही, चिमटीतल्या रांगोळीनं, आणि ती कागदावरची रांगोळी न विस्कटता घरापर्यंत न्यायला मला ट्रे लागला.